पुरावा क्रमांक चार

…आणि वर म्हणतात, त्यात शिकवायचं असं काही नाहीच! आता मला सांगा, शिकवायचं काही नाही तर मग मला वर्गात कशाला ढकलता? मी शाळेच्या ग्रंथालयाच्या किल्ल्या सांभाळणारी बाई. पुस्तकांना पुठ्ठे घालायचे, झेरॉक्स काढायच्या, प्रमाणपत्रांवर मुलांची नावं सुवाच्य अक्षरात लिहायची, एवढं माझं काम. सतरा वर्षं करतेय. माझं स्वतःचं शिक्षण शाळेपुरतं. कॉलेजची पायरी मी पाहिली ती पावसात आडोसा म्हणून, आणि तिथूनही शिपायाने हटकलं. अशा बाईला म्हणे नववी अ वर जा, इतिहासाच्या तासाला! कारण काय, तर इतिहासाच्या बाईंचा आवाज बसला. बसला म्हणजे पार झोपलाच. फोन उचलला तर पलीकडून नुसती हवा. मी म्हटलं कुणी खोडी काढतंय, ठेवून देणार होते, तेवढ्यात हवेतून माझं नाव आलं.

त्या हवेतून मला जे समजलं ते असं. धडा होता जुन्या अध्यक्षांच्या राजवटीचा. हल्लीचे अध्यक्ष नव्हेत, त्यांच्या आधीचेही नव्हेत, त्यांच्याही मागचे, ते छातीवर चांदीची बटणं असलेला कोट घालायचे ते. अकरा वर्षं होते. आता इतकी वर्षं झाल्यावर सरकारी दप्तरखान्याने त्यांच्या काळातले कागद खुले केलेत, आणि इतिहासाच्या बाईंनी त्यातले सहा कागद निवडून मागवलेत. मुलांनी म्हणे पुस्तक बंद करायचं आणि त्या काळचे अस्सल कागद स्वतः वाचून काय झालं ते स्वतः शोधायचं. त्याला म्हणतात प्राथमिक साधनं. मला म्हणाल्या, तुम्ही फक्त बत्तीस प्रती काढा, वाटा, आणि सहा प्रश्न फळ्यावर लिहा. कोणी लिहिलं, कोणाला, केव्हा, कशासाठी, काय सांगितलं नाही आणि त्याने पुढे काय झालं. बाकी मुलं आपापलं शिकतात.

आपापलं शिकतात! मग शाळेला छप्पर तरी कशाला घातलंय?

बरं, घेतलं मनावर. सकाळी लवकर आले, पाकीट फोडलं, मशीन तापवलं. आमचं झेरॉक्सचं मशीन म्हणजे रुसलेल्या जावयासारखं, दर दहा कागदांमागे समजूत काढावी लागते. पहिला कागद कसलासा हुकूम. दुसरा वर्तमानपत्राचं कात्रण. तिसरं भाषण. मी आपली घालतेय, काढतेय, मोजतेय, वाचायचं काही कारणच नाही. चौथा कागद काचेवर उलटा ठेवणार, तोच नजर गेली. बाळबोध अक्षर. ठसठशीत. ओळीवर ओळ बसवलेली.

तुम्हाला सांगते, माणूस आपला आवाज रेकॉर्डवर ऐकतो तेव्हा ओळखत नाही, आपला पाठमोरा फोटो ओळखत नाही, पण आपलं लहानपणीचं अक्षर? ते एका नजरेत ओळखतो.

ते पत्र माझं होतं.

थांबा, नीट सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाईला भ्रम झाला. मी अकरा वर्षांची असताना आमच्या शाळेत सक्तीचं होतं, अध्यक्षांच्या वाढदिवसाला प्रत्येक मुलाने त्यांना पत्र लिहायचं. बाकीच्या पोरांनी काय लिहिलं असेल? तुम्ही थोर आहात, आम्ही लहान आहोत, संपलं. मला कुठलं सुचायला एवढ्यावर थांबायचं! मला खरं खरं लिहायचं होतं. मनापासून. आणि मनापासून लिहिलं की काय होतं ते आता ऐका.

त्या काळी प्रत्येक दुकानात अध्यक्षांचा फोटो लावावा लागे. दरवर्षी नवा यायचा, मोठा, जाड कागदावर छापलेला, आणि जुना कचेरीत परत करून त्याची पावती घ्यायची. फाडायचा नाही, टाकायचा नाही, त्यात काही गुंडाळायचं तर नाहीच नाही. आता आमच्या गल्लीत एक शिंपीकाका होते. हाताला असं वळण की कापड बघूनच कळायचं कोणी शिवलंय. पण शिंप्याला कापड कापायचे नमुने बेतायला जाड कागद लागतो की नाही? बाहीचा वेगळा, कॉलरचा वेगळा. बाजारात तसा कागद मिळत नव्हता, आणि इथे दरवर्षी एक उत्तम जाड कागद घरबसल्या येतोय. काकांनी एका वर्षी जुना फोटो परत केलाच नाही. ठेवला टेबलाखाली. त्याचे बेत कापले. आणि माझ्या फ्रॉकची बाही त्यावर बेतली.

मी लिहिलं काय? माझ्यासमोर मशीनच्या काचेवर होतंच, शब्द न् शब्द. "आदरणीय अध्यक्ष महोदय, आमच्या गल्लीत तुम्ही सगळ्यांना आवडता, पण सर्वांत जास्त शिंपीकाकांना आवडता. तुमचा एक फोटो ते भिंतीवर ठेवतात आणि एक टेबलाखाली. भिंतीवरचा नुसताच असतो, पण टेबलाखालचा ते रोज वापरतात. माझ्या बाहीचा खांदा तुमच्या नाकापासून सुरू होतो आणि तुमचा कान संपतो तिथे मनगट येते. अशी सुंदर बाही मी कधी घातली नव्हती. कृपया शिंपीकाकांना बक्षीस द्यावे. त्यांचे दुकान पाण्याच्या टाकीला लागून आहे. दार निळे आहे."

दार निळे आहे! पत्तासुद्धा दिला! का, तर बक्षीस चुकून दुसऱ्याच्या घरी जायला नको!

दप्तरखान्याने माझं आणि शाळेचं नाव काळ्या पट्टीने झाकलं होतं, देव त्यांचं भलं करो. पण टाकी तशीच, निळं दार तसंच, नाक-कान तसेच. आणि मार्जिनमध्ये कुणीतरी तिरक्या अक्षरात दोन शब्द लिहिले होते. चौकशी करावी.

केली त्यांनी चौकशी. पत्र गेलं आणि दहाव्या दिवशी दोघं आले, काकांना घेऊन गेले, दाराला सील. काका पन्नास दिवसांनी परत आले. काय झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दुकान काही पुन्हा उघडलं नाही, घरातच बसून दुसऱ्यांचे पायजमे आखूड करत राहिले. मला अकराव्या वर्षी काही कळलं नाही. मी तर बक्षिसाची वाट बघत होते. पंधरा-सोळाव्या वर्षी एकदा भांडी घासता घासता दोन आणि दोन चार झाले, तर हातातलं भांडं तसंच राहिलं. तेव्हापासून आजपर्यंत हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही. धाकट्या बहिणीला नाही. यजमानांना तर नाहीच, ते झोपेत बोलतात.

आणि आता खरी गोष्ट ऐका. ते शिंपीकाका वारले, त्याला पंधरा वर्षं झाली. त्यांची मुलगी आहे. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, आम्ही एका दोरीवर उड्या मारल्यात. शिकली, शिक्षिका झाली, चढत चढत कुठे पोचली? आमच्या शाळेच्या मोठ्या बाई! मुख्याध्यापिका! आमच्या यजमानांचा कारखाना बंद पडला तेव्हा तिनेच मला बोलावून ग्रंथालयाच्या किल्ल्या हातात दिल्या. चार माणसांत मी तिला अहो म्हणते, दोघीच असलो की अगं. सतरा वर्षं मी तिच्या हातचं खाल्लंय, आणि तिच्या बापाचं दुकान बंद पाडणारं पत्र बत्तीस प्रतींत माझ्या हातात, अजून गरम.

आता घाबरू नको तर काय करू, तुम्हीच सांगा.

पहिला विचार आला, खाऊन टाकावं. पण एक मूळ कागद आणि बत्तीस प्रती, पोटाला झेपलं असतं का? दुसरा विचार, जाळावं. ग्रंथालयात? मग शेवटी प्रत्येक संचातून चौथा कागद काढला, पाचावर चार लिहिलं, सहावर पाच लिहिलं, आणि ती सगळी चवड माझ्या पर्समध्ये कोंबली. पर्सची चेन लागेना. आत डबा, छत्री, रक्तदाबाच्या गोळ्या, चष्म्याचं घर आणि वर माझं बालपण. गुडघ्याने दाबून लावली.

तिसरा तास. मी वर्गात. बत्तीस डोकी माझ्याकडे बघतायत, माझे पाय म्हणतायत घरी चला. तरी म्हटलं पाचच कागद आहेत, पंचेचाळीस मिनिटं आहेत, निभेल. तेवढ्यात दार उघडलं. कोण? मोठ्या बाई! म्हणाल्या, तुमचा पहिलाच तास आहे, मी जरा मागे बसते, धीर येईल तुम्हाला.

धीर! अहो, सिंह पिंजऱ्यात आला आणि म्हणतो, तुला एकटं वाटायला नको म्हणून आलोय!

बसल्या शेवटच्या बाकावर, मूळ कागदांचा संच घेतला, पेन काढलं. मी फळ्याकडे वळले. खडू उचलला आणि माझ्या लक्षात आलं, माझं अक्षर! चाळीस वर्षांत माझं अक्षर तसूभर बदललेलं नाही, सगळी शाळा त्याचं कौतुक करते. मग मी काय केलं? डाव्या हाताने लिहिलं. कोणी लिहिलं, कोणाला, केव्हा… ओळ निघाली ती अशी उतरत उतरत फळ्याच्या खाली, जणू जिन्यावरून पडली. पुढच्या बाकावरच्या एका चष्मेवालीने विचारलं, बाई, तुम्हाला बरं वाटत नाहीये का? म्हटलं हात अवघडलाय. ती म्हणाली, मग उजव्या हाताने लिहा ना.

ही चष्मेवाली लक्षात ठेवा. असं एक मूल प्रत्येक वर्गात असतं. नम्र असतं, बोलतं हळू, आणि आपला जीव घेतं.

सगळ्यांनी कागद उलगडले. आणि लगेच तिचा हात वर. बाई, काल आम्हाला यादी दिली होती, तिच्यात सहा साधनं आहेत, इथे पाच आहेत. शिवाय या चारवर आधी पाच छापलंय. मी म्हटलं, छपाईची चूक असेल. ती म्हणाली, पण यादीत चार नंबरला अकरा वर्षांच्या एका मुलीचं पत्र आहे. मागून मोठ्या बाईंचा आवाज आला, कुठे गेलं ते?

आता बघा, अशा वेळी माणूस काहीतरी फेकतो. मशीन अडकलं, वारा आला, कुत्र्याने नेलं. माझा स्वभावच वाईट. सरळ विचारलं की सरळ उत्तर बाहेर पडतं, त्यासाठी मला काही करावंच लागत नाही.

"माझ्या पर्समध्ये आहे."

"पर्समध्ये का?"

"जपून ठेवलं. नाजूक कागद आहे."

"झेरॉक्स नाजूक?"

उघडली पर्स. आधी छत्री काढली, मग डबा, मग गोळ्या, मुलं अगदी शिस्तीत बघतायत, आणि मग ती चवड. वाटली. शेवटी उरलेला मूळ कागद मोठ्या बाईंच्या बाकावर ठेवला.

आणि मग वर्ग वाचायला लागला. तुम्हाला सांगते, बत्तीस मुलं गप्प बसून एकच कागद वाचतात तेव्हा जी शांतता होते ना, तशी शांतता मी ऑपरेशनच्या खोलीबाहेरसुद्धा अनुभवलेली नाही. मी मुलांकडे बघतच नव्हते. मी मोठ्या बाईंच्या पेनाकडे बघत होते. त्यांना सवय आहे, वाचताना ओळीखालून पेन फिरवतात, कागदाला न टेकवता. पेन चाललं, चाललं, टाकीपाशी मंद झालं. निळ्या दारापाशी थांबलं. थांबलं ते थांबलंच. पुढे जाईना, मागे येईना. तोंडावर काही नाही. मान खाली.

घाबरू नको तर काय करू, तुम्हीच सांगा. पण मनात म्हटलं, नाव तर काळं आहे. गल्लीत शाळेत जाणाऱ्या पंधरा-वीस मुली होत्या. पंधरा-वीस जणींतली एक. तोंड बंद ठेवायचं, बस. पंचेचाळिसातली अठरा मिनिटं गेलीत, सत्तावीस मिनिटं गप्प बसणं बाईमाणसाला जड असतं पण अशक्य नसतं.

मग मुलं बोलायला लागली. मागे खिडकीपाशी एक लांबू बसतो, त्याच्या पायांना बाक पुरत नाही. तो म्हणाला, हे लहान मुलीचं पत्र नाहीच. एवढं सुंदर अक्षर अकरा वर्षांच्या मुलीचं असतं का? हे कुठल्या तरी खबऱ्याने लहान मुलीच्या नावाने लिहिलंय. वर्गाने माना डोलावल्या. मला एकीकडे सुटल्यासारखं वाटलं, आणि एकीकडे, खोटं कशाला बोलू, अक्षराची तारीफ ऐकून थोडं बरंही वाटलं.

पण ती चष्मेवाली! तिने हळूच हात वर केला. नाही म्हणे, मुलगीच आहे, पण फार धूर्त मुलगी आहे. बघा, स्तुती करतेय असं दाखवते आणि एकेक पुरावा देते. टेबलाखाली आहे, रोज वापरतात, नाक कुठे, कान कुठे. आणि शेवटी पत्ता. नुसतं कौतुक करायचं तर पत्ता कशाला? हिला शिंप्याला पकडून द्यायचं होतं. लांबू म्हणाला, पण का? चष्मेवाली म्हणाली, सरळ आहे, बाही बिघडली असणार. शिंप्याने बाही बिघडवली आणि हिने सूड घेतला. कोणीतरी म्हणालं, दुष्टच होती मग. सगळे वहीत लिहायला लागले. कशासाठी लिहिलं, सूड. मी डोळ्यांनी बघतेय, बत्तीस वह्यांत सूड, सूड, सूड.

अहो, मी गप्प बसणार होते. देवाशपथ बसणार होते. मला धूर्त म्हणाले, बसले. दुष्ट म्हणाले, तेही गिळलं. पण काकांनी बाही बिघडवली म्हणे? त्या माणसाने?

"बिघडवली नव्हती," मी म्हटलं. "इतकी छान बसली होती की हात वर केला तरी खांद्याला सुरकुती पडायची नाही. आणि पत्ता दिला तो बक्षीस पोचावं म्हणून."

चष्मेवालीने पेन थांबवलं. तिने विचारायचं तेच विचारलं, तुम्हाला कसं माहीत, बाई?

घड्याळाचा काटा ऐकू येत होता. आमच्या वर्गात घड्याळ आहे हे मला त्या दिवशी कळलं. मी उघड्या पर्सकडे बघितलं, दाराकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. पहिला मजला. विचार केला, गुडघ्यांना सोसणार नाही.

"मी लिहिलंय ते," मी म्हटलं.

मुलांच्या तोंडून एक असा आवाज निघाला, जादूगाराने टोपीतून काही काढल्यावर निघतो तसा. पण मी त्यांच्याकडे बघत नव्हते. मोठ्या बाई उठल्या. चालत पुढे आल्या. कागद हातात. मला वाटलं, आता बत्तीस पोरांसमोर मला बाहेर काढणार, आणि काढलं तर बरोबरच आहे. त्या फळ्याजवळ आल्या, माझ्या त्या जिन्यावरून पडलेल्या अक्षरांकडे बघितलं आणि मुलांकडे तोंड करून शांतपणे म्हणाल्या, साधन समोर उभं आहे, प्रश्न पूर्ण करा. दोन राहिलेत. पाचवा मीच विचारते.

माझ्याकडे वळल्या.

"काय सांगितलं नाही?"

मी म्हटलं, पत्रात सगळं सांगितलंय. नंतर काही सांगितलं नाही.

"का?"

"भीती वाटली."

"कोणाची? अध्यक्षांना जाऊन जमाना झाला."

"तुमची," मी म्हटलं.

बत्तीस पेनं एकदम चालली. वहीत उतरून घेतलं त्यांनी! माझी इतक्या वर्षांची भीती, उत्तर क्रमांक पाच! सहावा प्रश्न कुणी विचारलाच नाही. मोठ्या बाईंनी स्वतःच सांगितलं, दुकान बंद झालं, शिंपी पन्नास दिवसांनी परत आला. कुणाचे वडील ते नाही सांगितलं. घंटा झाली आणि त्या निघून गेल्या.

मधल्या सुट्टीत मी किल्ल्यांचा जुडगा घेऊन त्यांच्या खोलीत गेले आणि टेबलावर ठेवला. सतरा किल्ल्या, सतरा वर्षं, मला वाटलं हिशेब आपोआप मिटला. त्यांनी जुडग्याकडे बघितलंच नाही. बसा म्हणाल्या. दोघीच होतो, तरी बसा म्हणाल्या. त्या एका 'बसा'ने मनाला जितकं लागलं ना, तितकं वर्गातही लागलं नव्हतं.

मग म्हणाल्या, बाबांना मरेपर्यंत वाटायचं की समोरच्या इस्त्रीवाल्याने चुगली केली. त्याच्या टेबलावरून बाबांच्या टेबलाखालचं दिसायचं. पंचवीस वर्षं त्याच्याशी बोलले नाहीत. आमची इस्त्री सीलबंद दुकानात राहिली, घरात कपड्यांना इस्त्री नव्हती, माहीतेय? बाबा म्हणायचे चुरगळलेलं घाला पण त्या माणसाच्या पायरीवर जाऊ नका. मी नोकरीच्या पहिल्या मुलाखतीला चुरगळून गेले. तो बिचारा गेला तेव्हा बाबा खिडकी लावून बसले होते.

मी रडायला लागले. मी म्हटलं, मला बक्षीस मिळवून द्यायचं होतं त्यांना, खरंच, मला वाटलं घोड्यावर बसून कुणीतरी येईल आणि काकांना पदक देईल. आणि ती एकदम ओरडली, अशी ओरडली की बाहेरचा शिपाई दारात आला.

"गाढव, अकरा वर्षांची होतीस ना गं तू! आणि पुढची चाळीस वर्षं? ती एकटीने कुढत काढायला कुणी सांगितलं होतं?"

शिपाई गेला. मी डोळे पुसले. तुम्हाला सांगते, आयुष्यात मला गाढव म्हटल्याचा इतका आनंद कधी झाला नव्हता.

मग ती तो कागद पुन्हा वाचायला लागली. पेन नव्हतं, बोट फिरवत होती. बाबांचा हात किती चांगला होता हे सगळी गल्ली बोलायची, म्हणाली, पण आज त्यांनी शिवलेलं एक कापड कुणाकडे उरलेलं नाही, आणि लिहून ठेवलंय ते कुणी? हा एकच कागद आहे जगात. मग मान वर न करता विचारलं, "बाही खरंच तशी बसली होती? की आपलं मुलांसमोर बोललीस?"

"खरंच," मी म्हटलं. "दोन वर्षं मी घातला तो फ्रॉक, मग धाकटीने."

तिने कागदाची घडी घातली, खणात ठेवली, आणि खण लावून घेतला. मग किल्ल्या माझ्याकडे सरकवल्या आणि पुन्हा मोठ्या बाई झाल्या. म्हणाल्या, रविवारी इस्त्रीवाल्याच्या मुलाकडे जायचंय, दोघींनी, माफी मागायला. आणि उद्या नववी ब ला पण तुम्हीच जा. परवा क.

म्हणजे बघा माझी गत. इतिहासाच्या बाईंचा आवाज परत आला, चांगला खणखणीत आला, पण त्या काही वर्गावर जायला तयार नाहीत. मला म्हणतात, मी नुसतं शिकवते हो, तुम्ही साक्षात साधन आहात! आता म्हणे दर वर्षी नववीच्या तिन्ही तुकड्या माझ्याच. मी फळ्यापाशी उभी राहते, मुलं मला प्रश्न विचारतात, आणि दर वेळी निदान एक तरी पोर म्हणतंच, बाई, तुम्ही खबरी नव्हता हे कशावरून? घाबरू नको तर काय करू?

पण हे काहीच नाही. खरं संकट परवा आलं. ती चष्मेवाली वही घेऊन ग्रंथालयात आली, माझी सही पाहिजे म्हणाली. वहीत लिहिलं होतं, साधनाचा प्रकार, प्रत्यक्ष लेखिका. वय, पन्नाशीच्या पुढे. विश्वासार्हता, मध्यम. मी म्हटलं, मध्यम का गं? ती अगदी नम्रपणे म्हणाली, एकाच साक्षीवर विसंबायचं नसतं, बाई, दुसरीशी ताडून बघावं लागतं. तो फ्रॉक नंतर तुमच्या बहिणीने घातला असं तुम्ही ब तुकडीला सांगितलंत ना, त्यांचा फोन नंबर मिळेल का?

मला काय माहीत? दिला.

आज सकाळी पुन्हा वही आली. धाकटीने फोनवर तिला सगळं सांगितलं म्हणे, अर्धा तास सांगितलं. फ्रॉक आठवतो, चांगला आठवतो, डावी बाही काखेत इतकी काचायची की रोज शाळेतून आल्यावर पावडर लावावी लागे, आणि ताईला कसली छान बसणार, ताई तेव्हा काडीसारखी होती, तिला पोतं घातलं तरी छान बसलं असतं!

मध्यम खोडलं होतं. शेजारी लिहिलं होतं, कमी.

त्यावर सही केली मी. आणि चष्मेवालीला हात जोडून म्हटलं, बाळा, ही वही मोठ्या बाईंना दाखवू नकोस हं. तर ती म्हणाली, बाई, सगळ्या वह्या शुक्रवारी त्यांच्याकडेच जाणार आहेत, तपासायला.

आज गुरुवार.